लो-ई व्हॉल्व्ह मागवताना: स्टेमभोवतीच्या सहा मिलिमीटरचा हिशोब

‘व्हॉल्व्ह लो फ्युजिटिव्ह एमिशनचे (लो-ई) असावेत.’ खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये एवढंच वाक्य लिहिलेलं असेल, तर ते नसल्यातच जमा. पुरवठादार हो म्हणणार, सोबत एक सर्टिफिकेट जोडणार, आणि ते सर्टिफिकेट खरंही असणार. पण ते ज्या व्हॉल्व्हचं आहे तो आणि आपल्या स्टोअरमध्ये उतरलेला, हे दोघे एकाच घरातले की नुसते एका आडनावाचे, हे विचारायची सोय त्या वाक्यात नसते.

फ्युजिटिव्ह एमिशन म्हणजे चिमणीतून किंवा व्हेंटमधून ठरवून सोडलेला वायू नव्हे. सांध्यांतून, सीलमधून न विचारता निसटणारा तो. व्हॉल्व्हमध्ये त्याला बाहेर पडायला मुख्यतः दोनच वाटा: बॉडी आणि तिच्यावरचं झाकण म्हणजे बॉनेट, यांचा सांधा, आणि स्टेमभोवतीचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्याभोवतीचं पॅकिंग. बॉनेटचं गॅस्केट एकदा नीट कसलं की जागचं हलत नाही, त्यामुळे सहसा त्रासही देत नाही. स्टेम मात्र वर-खाली होतो किंवा फिरतो, तापतो, थंड होतो, आणि त्याच्याभोवतीच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या रिंगांनी या सगळ्यात वायू अडवून धरायचा. म्हणून पुढचं बहुतेक सगळं पॅकिंगबद्दल आहे.

आधी एक नेहमीचा घोटाळा निस्तरू. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ५९८ किंवा आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ५२०८ प्रमाणे घेतलेली सीट टेस्ट सांगते की बंद व्हॉल्व्हमधून आतल्या आत किती गळतं. कंट्रोल व्हॉल्व्हचा ‘क्लास फोर’, ‘क्लास सिक्स’ हाही सीटचाच हिशोब. बाहेर, हवेत किती जातं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीचंही तेच. पाण्याला चिकटपणा असतो, पृष्ठताण असतो; ज्या फटीतून पाण्याचा थेंबही दिसत नाही तिथून मिथेन खुशाल वाहू शकतो. दीडपट दाबाला कोरडा ठणठणीत राहिलेला व्हॉल्व्ह स्निफर (हवा ओढून वायू हुंगणारं उपकरण) लावल्यावर हजार पीपीएम दाखवतो, यात नवल काही नाही.

पीपीएम म्हणजे नक्की किती?

१०० पीपीएमव्ही, म्हणजे आकारमानाने दशलक्षात १०० भाग, ही मर्यादा सगळीकडे दिसते, पण ती गळतीचा वेग नाही. सांध्यापाशी धरलेल्या नळीने ओढून घेतलेल्या हवेत त्या वायूचं प्रमाण किती, एवढंच ती सांगते. वेगाचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) १९९५ साली दिलेली समीकरणं वापरतात. रासायनिक कारखान्यांतल्या गॅस सर्व्हिसच्या व्हॉल्व्हसाठी त्यांपैकी एक असं आहे: स्निफरचं रीडिंग ०.८७३ या घातांकाने चढवायचं आणि ०.०००००१८७ ने गुणायचं. उत्तर तासाला किलोग्रॅममध्ये येतं. १०० पीपीएमला ते तासाला साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे वर्षाला एक किलोच्या आत भरतं. १०,००० पीपीएमला तासाला जवळपास ६ ग्रॅम, वर्षाला ५० किलो. एका व्हॉल्व्हसाठी हा आकडा ढोबळच समजावा, ही समीकरणं शेकडो व्हॉल्व्हच्या सरासरीवर उभी आहेत. पण कारखान्यात असे हजारो व्हॉल्व्ह असतात, आणि एकूण गळतीतला मोठा वाटा थोड्याच बिघडलेल्या व्हॉल्व्हचा असतो. म्हणून चाचणीत ‘पहिल्या दिवशी किती’ याला फारशी किंमत नाही. ‘इतक्या फेऱ्या आणि इतके ताप-गार झाल्यावर किती’ हा खरा प्रश्न.

दोन घराणी

टाइप टेस्टची, म्हणजे एका नमुन्यावर घेतलेल्या सविस्तर चाचणीची, दोन घराणी आहेत, एपीआय आणि आयएसओ, आणि दोघांचा स्वभाव वेगळा.

एपीआयकडे तीन स्टँडर्ड येतात. एपीआय ६२२ फक्त पॅकिंगची परीक्षा घेतं, तीही व्हॉल्व्हमध्ये नाही, ठरावीक मापाच्या टेस्ट फिक्श्चरमध्ये. १,५१० यांत्रिक (उघड-बंद) फेऱ्या, पाच तापमानचक्रं, वायू मिथेन, दाब ६०० पीएसआय म्हणजे साधारण ४१ बार, तापमान वातावरणापासून २६० अंश सेल्सिअसपर्यंत. दर चक्रात १५० फेऱ्या थंड आणि १५० गरम, अशा पाच चक्रांच्या १,५००, आणि शेवटी थंड अवस्थेत आणखी १०. या स्टँडर्डची २०१८ ची तिसरी आवृत्ती म्हणते की गळती १०० पीपीएमव्हीच्या वर जाता कामा नये आणि मध्ये ग्लँड, म्हणजे पॅकिंगला वरून दाबून धरणारा तुकडा, पुन्हा कसायची नाही. शिवाय पॅकिंगच्या साहित्याची तपासणी आणि गंजाची चाचणीही यातच येते. गंजाकडे पुढे परत येऊ, ते प्रकरण वाटतं त्यापेक्षा मोठं आहे.

एपीआय ६२४ पूर्ण व्हॉल्व्हचं आहे: रायझिंग स्टेमचे (स्टेम वर-खाली होणारे), म्हणजे गेट आणि ग्लोब, आणि ग्राफाइट पॅकिंगचे. ३१० फेऱ्या, तीन तापमानचक्रं, तीच १०० पीपीएमव्हीची मर्यादा, आणि ग्लँडला हात लावायचा नाही. त्यातलं पॅकिंग आधी ६२२ पास झालेलं असलं पाहिजे. बॉल, प्लग, बटरफ्लाय यांसारख्या क्वार्टर-टर्न, म्हणजे पाव फेरीत उघडणाऱ्या व्हॉल्व्हना एपीआय ६४१: ६१० फेऱ्या, तीन तापमानचक्रं, मर्यादा तीच.

इथे एक बारीक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ६२४ मध्ये दाब ६०० पीएसआय किंवा २६० अंशांना त्या व्हॉल्व्हला परवानगी असलेला दाब, यांपैकी जो कमी तो. क्लास १५० च्या (क्लास म्हणजे दाब सोसण्याची श्रेणी) कार्बन स्टील व्हॉल्व्हला २६० अंशांना जेमतेम १२ बार चालतात. म्हणजे क्लास १५० चं सर्टिफिकेट आणि क्लास ३०० चं सर्टिफिकेट यांत पॅकिंगने सोसलेल्या दाबाचा फरक तिपटीहून जास्त. ‘६२४ पास’ हे शब्द दोन्हीकडे सारखेच.

आयएसओ १५८४८-१ चा घाट निराळा. ते एकच उत्तर देत नाही, वर्ग देतं: घट्टपणाचा वर्ग, फेऱ्यांचा वर्ग, तापमानाचा वर्ग, मध्ये किती वेळा ग्लँड कसली, आणि प्रेशर क्लास. बंद-चालू करायच्या व्हॉल्व्हसाठी सीओ१ म्हणजे २०५ फेऱ्या आणि दोन तापमानचक्रं, सीओ२ म्हणजे १,५००, सीओ३ म्हणजे २,५००. कंट्रोल व्हॉल्व्हना सीसी१ मध्येच २०,००० फेऱ्या, पण त्या पूर्ण स्ट्रोकच्या नव्हेत, मध्यावर थोड्या पुढे-मागे. तापमानाचे टप्पे उणे १९६, उणे ४६, खोलीचं तापमान, २०० आणि ४०० अंश. एसएसए या अक्षरांपुढचा आकडा म्हणजे चाचणी चालू असताना पॅकिंग किती वेळा पुन्हा कसलं. हा आकडा वाचल्याशिवाय सर्टिफिकेट बाजूला ठेवू नये. एसएसए १ म्हणजे मध्ये एकदा गळती वाढली होती आणि कुणीतरी पाना लावला होता. प्रत्यक्ष प्लांटमध्ये पंधरा मीटर उंचीच्या पाईप-रॅकवर पाना घेऊन कोण जाणार आहे, हे आपलं आपण ठरवायचं.

घट्टपणाचे वर्ग ए, बी आणि सी. हीलियमने चाचणी केली तर पुढे एच लागतो, मिथेनने केली तर एम. मिथेनचं सोपं आहे: एएम ५० पीपीएमव्ही, बीएम १००, सीएम ५००. हीलियममध्ये मात्र एकूण गळती मोजतात आणि मर्यादा स्टेमच्या व्यासाच्या प्रमाणात असते. ते आकडे दशांशाच्या पुढे इतके शून्य घेऊन येतात की डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून २८ मिमी व्यासाच्या स्टेमसाठी दुसऱ्या भाषेत सांगतो. २०१५ च्या आवृत्तीप्रमाणे वर्ग सी असेल तर एक घन सेंटिमीटर हीलियम बाहेर पडायला सुमारे २०० सेकंद लागतात. वर्ग बी असेल तर साडेपाच तास. वर्ग ए असेल तर सव्वादोन दिवसांहून जास्त. सी आणि बी मध्ये शंभरपट अंतर आहे, बी आणि ए मध्ये दहापट. स्वतः स्टँडर्डच सांगतं की सी साधारणपणे ग्राफाइट पॅकिंगने गाठला जातो, बी पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा रबरासारख्या इलॅस्टोमरने, आणि ए बेलोजने (स्टेमभोवतीच्या धातूच्या घडीदार नळीने) किंवा क्वार्टर-टर्नमध्ये त्याच्या तोडीच्या सीलने. तेव्हा ४०० अंशांच्या गेट व्हॉल्व्हला डोळे मिटून ‘वर्ग ए’ मागणं म्हणजे बेलोज मागणं, किंवा पुरवठादाराला खोटं बोलायला लावणं.

हीलियमचं रीडिंग मिथेनमध्ये बदलून देणारं कुठलंही कोष्टक नाही. हे वर्ग एकमेकांना समांतर आहेत असा दावा आयएसओ स्वतःही करत नाही. ‘बीएच आहे, म्हणजे १०० पीपीएम आलंच की’ असं कुणी पत्रात लिहिलं तर ते परत पाठवावं.

माझा कल विचाराल तर: गॅस आणि हलक्या हायड्रोकार्बनच्या गेट-ग्लोबसाठी ६२४, क्वार्टर-टर्नसाठी ६४१, आणि २६० अंशांच्या वर, क्रायोजेनिकमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आयएसओ. २६० अंशांच्या एपीआय सर्टिफिकेटवर ४०० अंशांची लाईन चालवणं ही नुसती आशा झाली.

आता ते सहा मिलिमीटर

एक उदाहरण घेऊन आकडे मांडतो, कारण गळती का होते ते इथेच दिसतं. स्टेम २८ मिमी, स्टफिंग बॉक्सचा, म्हणजे पॅकिंग बसतं त्या पोकळीचा, आतला व्यास ४० मिमी, म्हणजे पॅकिंगची जाडी ६ मिमी. पाच रिंगा, उंची ३० मिमी. वर्तुळाकार पट्टीचं क्षेत्रफळ सुमारे ६४१ चौरस मिमी. पॅकिंगवर २८ मेगापास्कल दाब हवा असेल तर ग्लँडने जवळपास १८ किलोन्यूटन ढकललं पाहिजे. दोन एम१२ बोल्ट, म्हणजे प्रत्येकी ९ किलोन्यूटन. नट-फॅक्टर (बोल्टच्या घर्षणाचा गुणांक) ०.१८ धरला तर टॉर्क येतो १९ न्यूटन-मीटरच्या आसपास.

आता हाच १९ चा टॉर्क गंजलेल्या, कोरड्या बोल्टवर दिला, जिथे फॅक्टर ०.३० आहे, तर पॅकिंगवर पोचतात फक्त १७ मेगापास्कल. मोलिब्डेनमची पेस्ट चोपडलेल्या बोल्टवर दिला, फॅक्टर ०.१३, तर ३९. रेंचने तीनही वेळा ‘टिक्’ केलं, रजिस्टरमध्ये तीनही वेळा १९ लिहिलं, आणि पॅकिंगने एकदा उपवास केला, एकदा अजीर्ण करून घेतलं. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये नुसता टॉर्क मागून भागत नाही. कोणतं वंगण लावून तो टॉर्क, हे सर्टिफिकेटच्या चाचणीत जे होतं तेच मागायचं.

दुसरा आकडा जास्त बोलका आहे. ९ किलोन्यूटनच्या ताणाने ८० मिमी लांबीचा एम१२ बोल्ट ताणला जातो किती? ०.०४ मिमी. केसाच्या जाडीएवढंही नाही. त्या बोल्टची सगळी ‘साठवलेली’ ताकद एवढ्याच लांबीत आहे. गरम झाल्यावर पॅकिंगमधलं वंगण जळून, फेऱ्यांमध्ये थोडं ग्राफाइट झिजून पॅकिंगची उंची ०.०४ मिमीने कमी झाली, म्हणजे ३० मिमीत हजारात दीडेक भागाने, की बोल्टकडे द्यायला काही उरत नाही. ग्राफाइटची स्वतःची उसळी थोडी मदत करते, म्हणून गळती लगेच भसकन होत नाही, पण वाट मोकळी झालेली असते. लाइव्ह लोडिंगच्या, म्हणजे ग्लँडवरचा दाब टिकवून धरणाऱ्या डिस्क-स्प्रिंगा इथे कामाला येतात. स्प्रिंगांची चळत कामाच्या दाबाला २ मिमी दबलेली असेल, तर ०.०४ मिमी गेल्याने ताकद जेमतेम दोन टक्क्यांनी उतरते, आणि ०.३ मिमी गेल्यानेही १५ टक्क्यांनीच. थंड असतानाही दाबाखाली हळूहळू सरकणाऱ्या पीटीएफईला आणि सतत हलणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हला या स्प्रिंगा हव्यातच. पण वाईट पॅकिंगला त्या चांगलं करत नाहीत, फक्त वाईटपणा लांबवतात. आणि ज्या व्हॉल्व्हची टाइप टेस्ट स्प्रिंगांशिवाय झाली त्याला नंतर स्प्रिंगा बसवल्या, तर ती नवीन जोडणी झाली, तिला जुनं सर्टिफिकेट लागू पडेल असं गृहीत धरू नये.

‘मग रिंगाच जास्त घाला ना’ हा विचार कुणालाही सुचेल, पण तो उलटा पडतो. ग्लँडचा दाब खाली जाताना भिंतींशी घर्षणात मरत जातो. घर्षणांक ०.१ आणि उभ्या दाबाचा निम्मा आडवा होतो असं धरलं, तर आपल्या उदाहरणात पाचव्या रिंगेच्या तळाशी वरच्या दाबाचे ६० टक्के पोचतात. दहा रिंगा केल्या तर तळाशी ३७ टक्के. सील जवळपास तेवढंच, पण स्टेमवरचं घर्षण ३ किलोन्यूटनच्या आतून साडेचारच्या वर जातं. हँडव्हील फिरवणाऱ्याची कंबर आणि अ‍ॅक्च्युएटरचा साइझ, दोन्ही तिथे मोजले जातात. जुन्या खोल स्टफिंग बॉक्समध्ये तळाशी कार्बनचं बुश टाकून उरलेल्या जागेत पाच रिंगा, हा धडधाकट उपाय. मध्ये लँटर्न रिंग (छिद्रांची पोकळ रिंग) आणि बाजूला लीक-ऑफचं छिद्र, हे खरोखर लागत नसेल तर नकोच. ते गळतीला दिलेलं एक जास्तीचं दार आहे.

पाच रिंगांची नेहमीची मांडणी अशी: वर आणि खाली एकेक विणलेली रिंग, मध्ये तीन साच्यात दाबलेल्या ग्राफाइटच्या. विणलेल्या रिंगा ग्राफाइटला फटीतून बाहेर सरकू देत नाहीत आणि स्टेम पुसत राहतात. सील मधल्या तीन करतात. कापलेल्या रिंगा असतील तर काप ४५ अंशांत तिरपा आणि प्रत्येक सांधा आधीच्यापासून ९० किंवा १२० अंश फिरवून. प्रत्येक रिंग सुटी दाबून बसवायची, पाचही टाकून वरून एकदम ग्लँड आवळायची नाही. तसं केलं तर वरच्या दोन घट्ट होतात आणि खालच्या तीन नावापुरत्या राहतात. मग ठरलेल्या टॉर्कवर कसायचं, व्हॉल्व्ह पाच वेळा पूर्ण उघड-बंद करायचा, पुन्हा तोच टॉर्क द्यायचा. नट फिरला तर पुन्हा पाच फेऱ्या. नट फिरायचा थांबला की पॅकिंग बसलं. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, आणि ग्लँडच्या दोन्ही बाजूंची उंची मोजत. ग्लँड तिरकी बसली तर एका बाजूला स्टेमला घासते आणि दुसऱ्या बाजूला पॅकिंग उपाशी राहतं.

स्टेमचा पृष्ठभाग आरए (सरासरी खडबडीतपणा) ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत, लो-ईसाठी ०.४ मागितलेला बरा. स्टफिंग बॉक्सच्या भिंतीला ३.२ पुरतो. ड्रॉइंगवरचा आकडा पाहून समाधान मानू नका, स्टेमवर रफनेस टेस्टर उभ्या दिशेने फिरवायला सांगा. पॅकिंगच्या पट्ट्यात लांबीच्या दिशेने गेलेला एक ओरखडा ही वायूला आयती मिळालेली गल्ली आहे.

पाणी, ग्राफाइट आणि तेरा टक्के क्रोमियम

गंजाचं म्हटलं होतं ते हे. ग्राफाइट विद्युतरासायनिक दृष्टीने स्टीलपेक्षा ‘उच्चकुलीन’ असतं. हायड्रोटेस्टचं पाणी पॅकिंगमध्ये मुरलं, व्हॉल्व्ह तसाच पेटीत बंद झाला आणि सहा महिने यार्डात पडला, की ओलं ग्राफाइट आणि १३ टक्के क्रोमियमचा स्टेम मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. झिजतो स्टेम. बाहेरून काही दिसत नाही, कारण खड्डे नेमके पॅकिंगच्या आड पडतात. पहिल्यांदा व्हॉल्व्ह चालवला की ते खड्डे कानशीसारखे ग्राफाइट खरवडून काढतात. मग ग्लँड कसा, पॅकिंग बदला, काहीही करा, गळती थांबत नाही. स्टेमच बदलावा लागतो.

म्हणून चांगल्या पॅकिंगमध्ये गंजरोधक मिसळलेलं असतं किंवा जस्तासारखा आधी झिजणारा धातू असतो, आणि म्हणूनच ६२२ मध्ये गंजाची चाचणी आहे. हायड्रोटेस्टच्या पाण्यात इनहिबिटर, स्टेनलेस भाग असतील तर पाण्यातल्या क्लोराइडवर मर्यादा, टेस्टनंतर कोरड्या हवेने सुकवणं, आणि दोन्ही टोकांना झाकणं, एवढ्या चार गोष्टी लिहून मागाव्यात. साठवण लांबणार असेल तर हायड्रोटेस्ट वेगळ्या साध्या पॅकिंगवर घेऊन नंतर खरं पॅकिंग बसवायचं, हाही मार्ग आहे. मात्र मग गॅसची चाचणी त्यानंतरच झाली पाहिजे.

स्निफर कसा धरतात

मिथेनसाठी फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर, हीलियमसाठी मास स्पेक्ट्रोमीटर. पहिल्याला हीलियम दिसतच नाही, तेव्हा रिपोर्टमधलं उपकरण आणि वायू जुळतात का ते पाहा. हवेत मुळातच हीलियम ५ पीपीएमच्या आसपास आणि मिथेन २ च्या आसपास असतो, म्हणून आधी पार्श्वभूमीचं रीडिंग घेऊन नोंदवायचं. बंद खोलीत दिवसभर चाचण्या चालल्या की संध्याकाळपर्यंत ही पार्श्वभूमी चढते आणि शेवटचा व्हॉल्व्ह बिचारा उगाच नापास होतो.

ईपीएच्या मेथड २१ प्रमाणे नळीचं टोक सांध्याला भिडवून हळू फिरवायचं, रीडिंग वाढलं की तिथेच रेंगाळायचं, आणि सर्वांत जास्त रीडिंगच्या जागी उपकरणाच्या प्रतिसाद-वेळेच्या दुप्पट थांबायचं. वर्तुळं दोन: स्टेम आणि ग्लँड यांच्यातलं, आणि ग्लँड आणि स्टफिंग बॉक्स यांच्यातलं. दुसरं सगळे विसरतात, आणि वायू पुष्कळदा तिथूनच येतो. नळीच्या टोकात ग्रीस गेलं की रीडिंग पडतं आणि सगळे खूश होतात. उलट, तापलेल्या स्टेमवर ग्रीस असेल तर त्याची वाफ डिटेक्टर हायड्रोकार्बन म्हणूनच मोजतो. दोन्ही बाजूंनी फसवणूक. टेस्टपूर्वी स्टेमचा उघडा भाग पुसून घ्यायचा, ग्रीस फक्त थ्रेडला.

४१ बारच्या वायूत साठलेली ऊर्जा पाण्यासारखी नसते, आणि मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांमध्ये पेट घेतो. आतली पोकळी धातूच्या ठोकळ्याने भरून वायूचं आकारमान कमी करणं, बाहेर वायू-डिटेक्टर, आणि माणूस आडोशाला, हे नसेल त्या लॅबचं सर्टिफिकेट मी वाचणारही नाही.

टाइप टेस्ट झाली, आता आपल्या व्हॉल्व्हचं काय?

टाइप टेस्ट एका नमुन्याची होते. ऑर्डरमधल्या व्हॉल्व्हसाठी आयएसओ १५८४८-२ आहे: खोलीच्या तापमानाला, ६ बार हीलियमने, स्निफरने. काही फेऱ्या करून पुन्हा मोजायचं. स्टेमपाशी वर्ग ए ला ५०, बी ला १०० आणि सी ला २०० पीपीएमव्ही, बॉडीच्या सांध्यांना ५०. किती टक्के व्हॉल्व्ह तपासायचे हे खरेदीदार आणि उत्पादकाने ठरवायचं असतं. इथे काही लिहिलं नाही तर वाटेल तेवढा छोटा नमुना घेतला जातो, आणि तोही बहुतेक त्यांनी निवडलेला. नमुना आपल्या इन्स्पेक्टरने निवडायचा, एक नापास झाला तर त्या लॉटमधले दुप्पट तपासायचे, पुन्हा नापास तर सगळे, असं लिहून टाकावं. जुळणीतले ढोबळ दोष, म्हणजे चुकीची रिंग, तिरकी ग्लँड, ओरखडा, ही चाचणी पकडते. पॅकिंग वर्षभरानंतर टिकेल का, हे ती सांगत नाही. ते टाइप टेस्टचं काम.

मग स्पेसिफिकेशनमध्ये लिहायचं काय? स्टँडर्ड आणि त्याची आवृत्ती. आयएसओ असेल तर पूर्ण वर्ग, उदाहरणार्थ ‘बीएच, सीओ१, एसएसए ०, उणे ४६ ते २००, क्लास ३००’, अर्धवट नाही. चाचणी स्वतंत्र लॅबमध्ये झालेली, आणि नुसतं सर्टिफिकेट नव्हे, पूर्ण रिपोर्ट: त्यात फेऱ्यांनुसार गळतीचा आलेख असतो. आलेख सपाट असेल तर उत्तम. शेवटच्या पन्नास फेऱ्यांत वर चढत जाऊन ९२ पीपीएमवर थांबलेला असेल, तर तो पास आहे खरा, पण ३५० व्या फेरीला काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

त्यानंतर रिपोर्टमधला व्हॉल्व्ह आणि आपला व्हॉल्व्ह जुळवायचे. पॅकिंगचा उत्पादक आणि नेमकं मॉडेल तेच. रिंगांची संख्या, क्रम आणि जाडी तीच. स्टेमचा व्यास आयएसओच्या नियमात बसतो का: चाचणीतल्या स्टेमच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत. स्टेमची हालचाल तीच का. सरळ वर जाणाऱ्या स्टेमचं सर्टिफिकेट फिरत वर जाणाऱ्या ग्लोबला चालत नाही, कारण फिरत चढणारा स्टेम पॅकिंगला सर्वांत जास्त त्रास देतो. प्रेशर क्लास चाचणीतल्याएवढा किंवा त्याखाली. ग्लँड बोल्टचा टॉर्क, वंगण आणि पॅकिंगवरचा दाब तोच. आणि एक वाक्य ठळक: लेखी परवानगीशिवाय पॅकिंग बदलणार नाही. हे वाक्य नसेल तर डिलिव्हरीची घाई झाली की ‘समतुल्य’ पॅकिंग आत जातं.

हमीबद्दल: अमेरिकेत ईपीए आणि रिफायनऱ्यांमधल्या न्यायालयीन तडजोडींमुळे ‘पाच वर्षं १०० पीपीएमच्या खाली’ अशी लेखी हमी रूढ झाली. मागायला हरकत नाही, पण हमीत पुन्हा कसायला परवानगी आहे का ते वाचावं.

फॉस्जीन, क्लोरीन असल्या जिवावरच्या वायूंना पॅकिंगवर विसंबू नये, बेलोज घ्यावा, आणि त्याच्या मागे पॅकिंगही ठेवावं, कारण बेलोज थकून फुटतो तेव्हा आगाऊ सूचना देत नाही. बेलोजच्या स्टेमला पिळा बसता कामा नये. अडकलेला व्हॉल्व्ह पाईप घालून फिरवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

शेवटची मागणी अगदी किरकोळ दिसते: व्हॉल्व्हच्या टॅगवर पॅकिंगचं मॉडेल, रिंगांची मापं, ग्लँडचा टॉर्क आणि वंगण कोरून हवं. तीन वर्षांनी शटडाऊनमध्ये पॅकिंग बदलायला बसलेल्या फिटरच्या हातात रिपोर्ट नसतो, ड्रॉइंग नसतं. त्याच्याकडे स्टोअरमधून मिळालेलं दोरीचं वेटोळं असतं, नाहीतर तो टॅग.